फक्कीचं गलबत

चिमाजी तांडेलाने चपला काढल्या, फक्कीची पांढरी रेघ ओलांडली आणि उजवं पाऊल आत ठेवलं. काळेवाडीच्या कबड्डीच्या मैदानावर खंडूने बापाचं गलबत आखलं होतं, खऱ्याएवढं लांब, खऱ्याएवढं रुंद. बंदरात म्हातारा गलबतावर असाच चढायचा, अनवाणी, उजव्या पायाने.

कोंडीरामला हसू आलं. तो कारखान्यात खंडूच्याच खात्यातला. कंपनीचे बूट घालून, हातात चहाचा ग्लास धरून तो गलबताच्या मधोमध उभा होता.

"तांडेल, फक्की हाय ती. चपला कशाला काढताय?"

"माझं गलबत हाय," चिमाजी म्हणाला. "तू पण काढ."

कोंडीरामने बूट काढले नाहीत. हसू मात्र आवरलं.

सवाल एवढाच होता, की रडार बसवायचं कुठं. रडार चाळीतल्या खोलीत खाटेवर होतं, मोडीत निघालेल्या एका ट्रॉलरवरचं. खंडूने ते चालू करून घेतलं होतं आणि त्याचा खांब शिफ्ट सुटल्यावर स्वतः वेल्डिंग केला होता. गेल्या साली अंधारात एक आगबोट गलबताला इतकी घासून गेली, की मागे बांधलेली होडी चिरडली. तेव्हापासून पोराचा जीव थाऱ्यावर नव्हता. पण म्हाताऱ्याने येतायेताच सुनावलं होतं, "गलबत ज्याच्या ध्यानात हाय त्याचंच यंत्र घेईन. लोखंडात राहून दर्या विसरला असशील, तर मला नको." संध्याकाळच्या एसटीने तो परत निघणार होता, यंत्र घेऊन नाहीतर तसाच.

"डोलकाठीच्या टोकाला लावा," कोंडीराम म्हणाला. "जेवढं उंच तेवढं लांबचं दिसंल. व्हय का न्हाई?"

"टोकाला देवीचं निशाण असतं," चिमाजी म्हणाला.

"मग हातभर खाली."

चिमाजीने पोराकडे नजर वळवली. खंडूला कळलं, आता आपली परीक्षा आहे.

"खाली नाही चालणार," खंडू म्हणाला. "वारा फिरला की शिडाची आडवी काठी डोलकाठीला वळसा घालून पलीकडे न्यावी लागते. एका फेरीत रडार खाली येईल."

म्हाताऱ्याने नुसतं हुं केलं. पण ते हुं बरं होतं.

"मग कुठं?"

"मागं. तुमच्या डोक्याच्या वर. हात उंचावला तरी लागणार नाही असा खांब केलाय." खंडू झपाझप मागच्या टोकाला गेला आणि बोट दाखवलं. तिथं त्याने फक्कीने फुली मारून ठेवली होती, बरोबर मधल्या रेघेवर. कंपनीची सवय ती. कुठलंही काम हातात आलं की आधी मधली रेघ मारायची.

चिमाजी फुलीजवळ गेला. सुकाणूचा दांडा धरल्यासारखा हात केला आणि तो सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवला. हात फुलीवरून गेला.

"खांब सुकाणूत रोवतोस व्हय रं?"

खंडूचे कान तापले. लहानपणी ज्या दांड्याला लोंबकळून तो मोठा झाला, तोच नेमका तो विसरला होता. कोंडीराम उगाच चहाकडे बघत राहिला. चिमाजी वळला आणि चपलांच्या दिशेने चालू लागला.

"आबा, थांबा. एवढं बघा आणि मग जा."

खंडूने खांबाशेजारी ठेवलेल्या पोत्यातून लोखंडी चौकट काढली. खांबाच्या माथ्यावर बसायची ती. तिच्यात दोन खिळ्यांवर एक पाटी झुलत होती, पाळण्यासारखी, खाली वजन लावलेली. त्याने कोंडीरामच्या हातातला ग्लास घेऊन पाटीवर ठेवला आणि चौकट हळूहळू डावीकडे कलंडवली. शीड भरल्यावर गलबत कलतं तेवढी. मग उजवीकडे. पाटी जराही कलली नाही. चहाचा थेंब सांडला नाही.

"गलबत किती का कलेना, रडार सपाट राहील," खंडू म्हणाला.

चिमाजी परत आला. वाकून त्याने खिळ्यांवर बोट फिरवलं, पाटी एकदा ढकलून पाहिली.

"ही तर माझ्या होकायंत्राची पेटी."

"तीच. रात्री तुम्ही सुकाणूवर असायचात, तेव्हा मी त्या पेटीपाशी बसायचो. ती कशी झुलते ते बघत."

म्हातारा सरळ झाला. त्याने पाटीवरचा ग्लास उचलला आणि उरलेला चहा स्वतःच पिऊन टाकला. मग सुकाणूच्या जागी जाऊन पाय रोवले, डाव्या हाताला दोन हात अंतर सोडलं आणि टाचेने मातीत खळगा केला.

"हितं लाव. माझ्या नजरंत राहील."

खंडूने चौकट खाली ठेवली. त्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून तो उकिडवा बसून तो खळगा फक्कीने भरू लागला. कोंडीराम रेघेबाहेर गेला, बुटांचे बंद सोडले आणि अनवाणी आत येऊन खांब उचलायला लागला.

तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला. दुसऱ्या शिफ्टची माणसं डबे घेऊन नेहमीसारखी मैदानातून आडवी निघाली. पुढचा सायकलवाला थेट फक्कीवर येत होता. चिमाजीने हात वर केला. वादळात हाक मारायचा, तोच आवाज लावला.

"वळसा घालून जावा, दादांनो. माझ्या लेकाचं गलबत हाय."

सायकलवाला उतरला. गलबताच्या कडेकडेने सायकल हातात धरून चालू लागला, आणि त्याच्या मागे अख्खी शिफ्ट.