वाचायची परवानगी

"परवानगी नाही." कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिसऱ्यांदा तेच आलं, तशी सिस्टरने फोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"तुम्ही कुठल्या नावाने आत शिरलाय?" मुख्य कार्यालयातला कॉम्प्युटरवाला पलीकडून विचारत होता.

"माझ्याच. दुसऱ्या कुणाच्या शिरू?"

बाहेर बाकांवर एकोणीस बाळं होती. एकाने सूर लावला की बाकीची साथ देत होती. काल संध्याकाळी दवाखान्याची वीज तीन तास गेली होती आणि फ्रिजमधल्या लशी धड आहेत की वाया गेल्या, हे एकाच वस्तूला ठाऊक होतं. बोटाएवढा तापमापक. तो फ्रिजमध्ये बसून दर दहा मिनिटांनी तापमान टिपून ठेवतो आणि यूएसबीत लावला की सगळं सांगतो. म्हणजे सांगायला हवं.

आधीचा कॉम्प्युटरवाला इथलं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, सगळे हक्क असलेल्या मालकाच्या नावाने सताड उघडं ठेवून जायचा; कुणीही यावं, काहीही करावं. ह्या नव्या माणसाने आल्या आल्या ते बंद केलं. बरोबरच केलं म्हणा. पण त्या नादात तापमापक वाचणंही बंद झालं. तो महिन्यातून एकदा वाचायचा असतो. मागच्या महिन्यात उघडला नाही, तेव्हा सिस्टरने तक्रार उद्यावर ढकलली होती. फ्रिजच्या दारावरचा काटा होताच की. त्यावर पाहून ती रोज सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला तक्त्यात आकडा लिहायची. ती उद्याची तक्रार आता तिला आतून खात होती.

"तुमचं मशीन लिनक्सवर चालतं, त्याचं असं असतं, सिस्टर," तो समजावत होता. "असली वस्तू लावली की ती आधी मशीनच्या मालकाची होते. साध्या माणसाच्या हातात द्यायची तर तसा नियम लिहावा लागतो."

"मग लिहा की."

"लिहितोय. इथूनच शिरलोय तुमच्या मशीनमध्ये. ह्या वस्तूचा नंबर, तुमचा गट, वाचायची परवानगी. झालं. बघा आता."

परवानगी नाही.

तेवढ्यात दवाखान्यातल्या मावशीने दारातून डोकं आत घातलं. "पाठवू का पहिलं बाळ? आया कुरकुरायला लागल्यात."

"थांब गं दोन मिनिटं."

"मघाशी पण दोनच म्हणालात," असं म्हणून मावशीने दार ओढून घेतलं.

फोनवर नुसती बटणांची टकटक. मग तो म्हणाला, "अरे हो. नियम आधीपासून लावलेल्या वस्तूला नाही लागणार. काढा आणि परत लावा. आणि तुम्हीही बाहेर पडून पुन्हा आत या, गटात आत्ताच घातलंय तुम्हाला."

काढा म्हणताच तिचा हात अडला. आतलं पुसलं गेलं तर? हो-नाही करत तिने तापमापक उपटला आणि परत खुपसला. मग बाहेर पडून पुन्हा आत शिरताना स्वतःचाच पासवर्ड दोनदा चुकला.

मग पडद्यावर तापमानाची रेघ उमटली. वीज गेली तेव्हा पाच अंश, आली तेव्हा सात. आठच्या आत, म्हणजे लशी धड. सिस्टरचा जीव भांड्यात पडला.

"बघा, उगाच घाबरलात," तो हसला.

तीही हसली आणि सहज म्हणून रेघ मागे मागे सरकवत गेली. थंडी पडली त्या दिवसापर्यंत. तिथून पुढे रोज पहाटे तीनच्या सुमाराला, गारठ्यात फ्रिज जास्तच थंडावून, रेघ शून्याच्या खाली जात होती. दोन-तीन तास तिथेच राहायची, मग वर यायची. सकाळी नऊला पाच. तक्त्यातही पाच, तिच्याच अक्षरात. एकही आकडा तिने खोटा लिहिला नव्हता. गोठलेली लस वितळली की दिसायला पहिल्यासारखीच दिसते, गुण तेवढा गेलेला असतो. हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने मोजलं. सव्वीस रात्री.

"सिस्टर, ऐकताय ना? आणखी कुणाला द्यायची का परवानगी?"

"सगळ्यांना द्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मावशी पुन्हा दारात उभी होती. "पाठवू?"

"नको. आज कुणालाच टोचायचं नाही. दुसऱ्या लशी मागवते म्हणून सांग. आणि मागच्या महिन्यात टोचलेल्या बाळांची वही आण, आयांचे फोन नंबर आहेत ती."

मावशीने वही आणून ठेवली आणि ती बाहेर सांगायला गेली.

सिस्टरने पहिल्या नावापुढचा नंबर लावला. त्या आईने लगेच उचलला आणि आवाज ओळखून खूश झाली.

"अगंबाई, सिस्टर, तुम्ही स्वतः फोन केलात. काय हलका हात हो तुमचा. बाळाला साधा तापसुद्धा आला नाही."