चालणाऱ्याला हाक मारू नये

चर्चच्या अंगणातली दगडांनी आखलेली गोल गोल वाट ठेवायची की उखडायची, यावर समितीत खल चालला होता. चालत प्रार्थना करणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का?

"फेऱ्या मारून देव भेटत असता, तर घाण्याचा बैल कधीच संत झाला असता!" समितीतले एक वडीलधारे कडाडले. रोज तिथे चालायची ती त्यांचीच सून. तिला आत बोलावलं.

"खरं सांग मुली," पाळक म्हणाले, "तिथे प्रभू भेटतो?"

'हो' म्हटलं असतं तर वाट वाचली असती. पण पाळकांसमोर खोटं तिच्या जिभेवर येईना.

"अजून नाही भेटला. पण तिथे चालणाऱ्याला हाक मारायची नाही, असा नियम आहे ना. तेवढी वीस मिनिटं मला कोणी हाक मारत नाही."

हात वर झाले. वाट उखडायचं ठरलं.

"सूनबाई," सासऱ्यांनी हाक मारली, "आलीच आहेस तर सगळ्यांना चहा टाक."