डीमधली रिकामी जागा

मुरबाडच्या स्टँडसमोर हर्षालीचं टायपिंगचं दुकान. कॉम्प्युटरची सी ड्राइव्ह गच्च भरली होती; साधी लग्नपत्रिकाही सेव्ह होईना. नको ते सगळं पुसलं, तरी जागा पुरेना. शेवटी तिने सी आणि डी, दोन्ही ड्राइव्ह पडद्यावर शेजारी शेजारी मांडल्या. सीचा पट्टा निळा, डीचा पांढरा. मधली रेघ माऊसने धरून तिने पांढऱ्यात सरकवली आणि बटण दाबलं.

तिची आई गुणाबाई एसटीची वाट बघत दुकानातल्याच बाकावर बसली होती. पडद्याचा निळा उजेड तिच्या तोंडावर पडला होता, तळ्याकाठी बसल्यावर पडतो तसा.

"काय करतेस गो?"

"जागा वाढवते. डीतली काढून सीला देते."

"डीत कोन ऱ्हातं?"

"कोनी नाय. रिकामीच हाय. दोन-चार फायली हायत, त्या हलवू."

"कुठं?"

"बघू कुठंतरी."

गुणाबाई झोपेत बोलावं तशी बोलली, "धरणाची भिंत वाढवली तवा सायेबबी आपल्या गावात येऊन असाच बोललेला. रिकामंच हाय. दोन-चार घरं हायत, ती हलवू."

हर्षालीचा हात चटकन माऊसकडे गेला. पण पडद्यावर सूचना आली होती : काम सुरू आहे, मध्येच बंद करू नका.

निळा रंग संथपणे पांढऱ्यात पसरत राहिला. गुणाबाईने लुगड्याचा काठ वर धरला आणि दोन्ही पाय हलकेच उचलून बाकावर घेतले.