उसने सूर

"थांब. हे कुणाचं?" उद्धवरावांनी विचारलं.

जुईलीची बोटं पियानोवर थबकली. आपण रचलेले पाच छोटे तुकडे ऐकवायला तिने सरांना अमरावतीहून अकोल्याला बोलावलं होतं. दुसऱ्याचं काय आणि स्वतःचं काय, हे त्यांच्याइतकं कुणालाच ओळखता येत नसे. पहिल्या तुकड्यातली डाव्या हाताची साथ जुन्या जर्मन रचनांमधली निघाली. दुसऱ्यातला ठेका जाझचा. जुईलीने दोन्ही निमूट कबूल केलं. तिसऱ्यात मात्र सर अडले.

"ऐकलंय मी हे. नक्की ऐकलंय. फ्रेंच वाटतं, पण फ्रेंच नाही."

"सर, चहा थंडा होऊन राहिला," जुईलीच्या सासूबाई, पार्बताबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आधी पिऊन घ्या, चोर मंग पकडजा!"

उद्धवराव ओशाळून हसले. त्यांनी आयुष्यभर दुसरं केलं तरी काय होतं? चाळीस वर्षं ते पियानोसाठी रचना करत आले. एकही कुणाला मुद्दाम ऐकवली नाही. प्रत्येकीत कुणी ना कुणी थोर संगीतकार सापडायचा. सापडला की ते कागद फाडून टाकायचे. घरात भिंतभर पुस्तकं होती, रेकॉर्डी होत्या, पण त्यांच्या हातचं एक पान उरलं नव्हतं. आपल्याला स्वतःचं असं काही सुचलंच नाही, हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं.

"सांग ना, कुणाकडून घेतलंस?"

"तुमच्याकडून," जुईली म्हणाली. "शिकवणीला मी मुद्दाम लवकर यायचे. तुम्ही आत वाजवत असायचात. मी बाहेर पायरीवर बसून ऐकायचे."

"छे! काहीतरीच." त्यांनी हात झटकला. "आणि असलंच, तर फाडलं असेल मी ते."

"तुम्ही कागद फाडलात, सर. मला पूर्ण पाठ आहे."

तिने आपली पानं बाजूला सारली आणि ती जुनी रचना सुरुवातीपासून वाजवली. दोन-अडीच मिनिटांचीच होती. उद्धवराव डोळे मिटून सवयीने शोधू लागले. जर्मन चाळले, फ्रेंच चाळले, जाझवाले एकेक करून आठवून पाहिले. शेवटचा सूर विरला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"कोण सापडलं?" जुईलीने हळूच विचारलं.

"कुणीच नाही गं," ते म्हणाले. "मी एकटाच होतो."