सहा पेट्या

शालनचा कॅमेरा तासाभरानंतरची उष्णता दाखवायचा. प्रसूतिगृहाच्या विजेच्या पॅनेलमध्ये एक सैल जोड तापून पांढरा झालेला दिसला. खाली एक माणूस पडला होता आणि निळा, म्हणजे थंड, होत चालला होता. त्याच्या हाताला चारच बोटं होती.

“आबा, मेन बंद करा.”

“उबेसाठी काचेच्या पेट्यांत ठेवलेली सहा बाळं आहेत, जनरेटर दुरुस्तीला गेलाय. चालू लाईनवरच आवळतो. जन्मभर हेच केलंय, पोरी.”

तिने कॅमेऱ्याचा पडदा वडिलांपुढे धरला. आबांनी आपल्या तुटक्या बोटाकडे पाहिलं आणि पाना खाली ठेवला. पडलेली आकृती नाहीशी झाली.

शालनने कॅमेरा उघड्या दारातून बाळांकडे वळवला. सहाही पेट्या निळ्या होत्या.

“आता काय दिसतंय गं?”

तिने पडदा छातीशी दाबून धरला.