वरणावरचं तूप

लहानपणी हिच्या जेवणात दूध-तूप किती असायचं, असं डॉक्टर मुंडल्यांनी विचारलं आणि रुख्मिणीबाई खुर्चीत सावरून बसल्या. आतापर्यंतचे सगळे प्रश्न मुलीच्या दुखण्याचे होते. हा त्यांच्या घराचा होता.

नागपूरच्या सदर भागातल्या त्या दवाखान्यात त्यांची मुलगी शामला तपासायच्या टेबलावर पाय सोडून बसली होती. तिशीही गाठली नव्हती. शाळेत शिकवायची. आधी एका डोळ्यानं दिसेनासं झालं, ते आपोआप बरं झालं. मग पाय बधिर झाले, ते काही बरे झाले नाहीत, आणि नोकरी सुटली. आज भाऊ ओमप्रकाशनं तिला सायकलरिक्षातून धरून उतरवलं होतं आणि तो बाहेर बाकावर पेपर वाचत बसला होता. रोगाचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. हा रोग तेव्हा नागपुरातल्या डॉक्टरांनीही बहुतेक पुस्तकातच पाहिलेला. रुख्मिणीबाई त्याला ‘हिचं ते’ म्हणत.

आता बाहेरच्या माणसानं घरचं खाणंपिणं विचारलं, तर मौदा गावाकडच्या खात्यापित्या घरातल्या बाईनं काय सांगायचं, हे काय शिकवावं लागतं? रुख्मिणीबाईंनी सांगून टाकलं, की गोठ्यात दुभती गाय होती, पोरगी दुधातुपात वाढली, वरणावर तुपाचा तवंग दिसल्याशिवाय हिनं घास उचलला नाही. पोरगा-पोरगी असा भेद तर आमच्या घरात कधी झालाच नाही. शामला आईकडे बघत राहिली. पाहुण्यांपुढे घराची झाकली मूठ सांभाळायची तिला लहानपणापासून सवय होती.

डॉक्टरांनी ते टिपून घेतलं. माणूस भला, पण कुठं थांबावं ते न कळणारा. त्यांनी विचारण्याचं कारणही सांगितलं. थंड मुलखांत लोणी आणि दुधातली चरबी फार खातात, तिथं हा रोग जास्त दिसतो. म्हणून लहानपणच्या खाण्यावर काही जणांचा संशय आहे. नुसता संशय, सिद्ध काही झालेलं नाही, असंही ते म्हणाले. पण रुख्मिणीबाईंनी संशयापर्यंतच ऐकलं.

त्यांचा चेहरा उतरला. मीच केलं हे, माझ्या या हातांनी पोरीचे पाय गेले, असं म्हणत त्या पदर तोंडाशी धरून रडायला लागल्या. रडणं अगदी खरं होतं. इतकी वर्षं चारचौघांत सांगून सांगून ते तूप त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. डॉक्टर समजूत घालून थकले.

शामलाला ते बघवेना. तिच्या पोटात एक गोष्ट होती. कधीतरी मोठं भांडण होईल तेव्हा आईच्या तोंडावर फेकायची, म्हणून जपून ठेवलेली. ती तिनं आत्ता बाहेर काढली, आणि अगदी हळू आवाजात सांगितली.

“रडू नको वं माय. तू मले तूप कधी वाढलंच नाही. तुपाची वाटी ओमूच्या ताटापाशीच संपत होती. मी कोरडंच खात होती. दूधबी त्याचंच होतं. आठव ना.”

रुख्मिणीबाईंचं रडणं थांबलं. आठवलं त्यांना. आधी जेवून उठणारे बापलेक आठवले, मागून पाटावर बसणारी मुलगी आठवली. हो वं, तुले कुठं देत होती मी, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या देवाला हात जोडले.

शामलालाही हलकं वाटलं. आईनं हे एकदा कबूल करावं, एवढंच तिला आयुष्यभर हवं होतं. तिनं आईचा हात धरायला हात पुढे केला.

पण रुख्मिणीबाई डॉक्टरांकडे वळल्या होत्या. त्यांचा चेहरा पुन्हा उतरला होता.

“डॉक्टरसाहेब, बाहेर माझा ओमू बसला आहे. त्याले तर नाही ना होणार हे?”