ढब्बूची गोळी

"गोळी कोण देतं याला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या.

"मी," शेजारी उभे असलेले त्यांचे यजमानही त्याच वेळी म्हणाले. त्यांचं चष्म्यांचं दुकान कधीच विकलं गेलं होतं, तरी गल्लीत त्यांना अजून चष्मेवालेच म्हणत.

टेबलावर ढब्बू निपचित पडला होता. म्हातारा लॅब्राडॉर, अंगानं नावाला शोभेल असा. खुब्याचे सांधे झिजलेले. बसला की उठताना मागचे पाय आधी घसरायचे, मग कुठे टेकायचे. महिन्यापूर्वी सांधेदुखीची गोळी सुरू झाली, सकाळी खाल्ल्यावर एक. थोडे दिवस तो पिल्लासारखा हिंडला. मग त्यानं खाणं टाकलं, उलट्या करू लागला आणि आज शी डांबरासारखी काळी झाली.

सवयीनं बाई टेबलाकडे वळल्या. "ढब्बू, विचार त्यांना, मी गोळी देतो एवढं सांगायला काय झालं होतं?"

"ढब्बू," चष्मेवाले म्हणाले, "तिलाही विचार."

डॉक्टर तरुण होत्या, पण भिडस्त नव्हत्या. हातातलं इंजेक्शन तसंच धरून त्या दोघांकडे बघत राहिल्या. "रोज दोन गोळ्या गेल्यात याच्या पोटात. आत जखम झालीय, रक्त जातंय. तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?"



राहत होते एकाच घरात. बाईंचा जन्म टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून देण्यात गेला होता, आणि स्वतःच्या घरातली लाइन मात्र वर्षभर बंद होती. निमित्त फोनचंच. "दोघंही माझ्याकडे राहायला या," असं लेकीनं कळवळून सांगितलं, तेव्हा चष्मेवाल्यांनी "आम्ही इथंच बरे" म्हणून परस्पर फोन ठेवला. बाई शेजारच्या खोलीत होत्या. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून त्यांनी अबोला धरला. चष्मेवाले कसले वाकतात! जे काय बोलायचं ते ढब्बूमार्फत. "ढब्बू, सांग त्यांना, दुपारी पाणी जाणार आहे." "ढब्बू, सांग तिला, मी बाहेर चाललोय." तो बिचारा आळीपाळीनं दोघांकडे बघायचा. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण संध्याकाळी दिवे लागले की बाईंना ते घर खायला उठायचं.

गोळीचं तेवढं मात्र कुणी ढब्बूला सांगितलं नव्हतं. चष्मेवाले सकाळी फिरायला निघताना पावाच्या तुकड्यात घालून ती भरवायचे आणि पाकीट कोटाच्या खिशात ठेवायचे. डॉक्टरांची चिठ्ठी टेबलावर तशीच पडलेली बाईंनी पाहिली आणि त्याही औषधं घेऊन आल्या. नवऱ्याच्या विसरभोळेपणावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

ढब्बूला दवाखान्यातच ठेवून घेतलं. सलाईन लावलं. दोघं घरी आले आणि मग बाईंच्या लक्षात आलं की आता बोलायला मधे कुणीच नाही. ताटं वाढली, उचलली, कुणी ब्र काढला नाही. हा गेला तर आपल्या हट्टानं गेला, हे त्यांना कळत होतं. आणि त्यानंतर या घरात आवाज म्हणून उरणार नाही, हेही.

ढब्बू चिवट निघाला. तो घरी आला तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला. सांधेदुखीची गोळी बंद करून डॉक्टरांनी पोटाची सुरू केली होती, पण एक अट घातली होती. "एकानंच द्यायची. दिली की दुसऱ्याला सांगायचं. कुत्र्याला नाही, माणसाला."

पहिल्या सकाळी बाई बाहेरच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"दिली," त्या म्हणाल्या.

"बरं," पेपरामागून आवाज आला.

एवढंच. दुसऱ्या दिवशीही एवढंच. गाडी त्यापुढे सरकेना. पण बाईंना हल्ली लवकर जाग यायची, आणि गोळी देऊन दारापर्यंत जाताना पदर नीट केला जायचा. याचं त्यांना स्वतःलाच हसू आलं.

महिन्याभरानं दोघं ढब्बूला तपासायला घेऊन गेले. "पोट खणखणीत झालंय," डॉक्टर म्हणाल्या. "खुबे काही नवे होणार नाहीत. वजन उतरवा, हळूहळू फिरवा. गोळी मात्र आता कुठलीच नको." चष्मेवाल्यांनी कोटाच्या खिशात राहिलेलं सांधेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि तिथल्याच टोपलीत टाकलं. आनंदाची गोष्ट होती. घरी येईपर्यंत बाईंना रडू का येतंय ते कळत नव्हतं.

सकाळी त्यांनी ढब्बूपुढे त्याचं खाणं ठेवलं, चहाचं आधण चढवलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. दारापर्यंत जायला आज काही कारण नव्हतं. आधण उकळून निम्मं झालं.

पावलं वाजली. चष्मेवाले स्वयंपाकघराच्या दारात आले होते. ढब्बूनं मान वर केली, पण ते त्याच्याकडे बघत नव्हते.

"गोळी दिलीस का?" त्यांनी विचारलं.

"दिली," बाई म्हणाल्या.